प्रेमाला सुट्टी

"मग एक तारखेपासून प्रेमाला सांगून टाकू, येऊ नको म्हणून," गुणाजी म्हणाले. "जयंती रिटायर होतेय. घरीच असेल. आईला बघायला वेगळी बाई कशाला?"

मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत रविवारची दुपार होती. घाटकोपरहून मुलगा सुयोग आला होता. त्यानेही लगेच आपलं पुढे सरकवलं.

"मी आणि श्वेता तेच बोलत होतो. निधीला पाळणाघरातून काढतो. सकाळी इथे सोडू. आई, तुलाही नातीचा विरंगुळा ना!"

जयंतीच्या शाळेतले शेवटचे दिवस चालले होते. सुटलं की महिनाभर नुसतं झोपायचं, एवढाच तिचा बेत होता. त्यात परवा डॉक्टरांनी बजावलं होतं, मणके झिजलेत, वजन उचलायचं नाही. आज ते घरात सांगायचं म्हणून ती सकाळपासून शब्द जुळवत होती. पण बापलेक इतके खुशीत होते, की तिच्या तोंडून नेहमीचंच निघालं, "करेन की मी."

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाई कडाडल्या. खुबा मोडल्यापासून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. आवाज मात्र अजून मालवणच्या बाजारातला होता.

"माका जयंतीच्या हातचा काय एक नको! प्रेमाक काढलास तर मी जेवचंय नाय!"

गुणाजी धावत आत गेले. समजावून झालं, रागावून झालं. म्हातारी बधेना. सुनेचा हात दगडासारखा आहे, ती आपल्याला खाली पाडील, असलं काय काय बडबडत राहिली. शेवटी गुणाजी कपाळ पुसत बाहेर आले.

"राहू दे प्रेमाला. उपाशी राहिली तर उद्या लोक आपल्याला नावं ठेवतील."

"आजी असला तमाशा करणार असेल तर निधीला नको रे बाबा इथे," सुयोग म्हणाला. "घाबरेल ती." तो चपला घालून निघाला. गुणाजी त्याला सोडायला खाली गेले.

जयंती तशीच बसून राहिली. नोकरी सांभाळून तिने सासूचं सगळं केलं होतं. प्रेमा संध्याकाळी गेली की रात्रभर कूस वळवायची, उठवायचं, पुसायचं. त्याचं हे फळ. ती उठली, आत गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा सासूसमोर तिचा आवाज चढला.

"आई, काय कमी केलं हो मी तुमचं? प्रेमा एवढी गोड लागली?"

"दार लाव आधी," सासूबाई हळूच म्हणाल्या.

तिने लावलं.

"हल्ली माका उचलताना तू श्वास धरतस. प्रेमा धरणा नाय. खूप दुखता मा गे?"

जयंती खाटेच्या कडेवर बसली.

"मग मघाशी सांगलंस कित्याक नाय?" म्हातारीने तिचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. "तुका नाय म्हणूक कधी जमला नाय. म्हणान आज मिया म्हटलंय."