चुकीची फांदी

"गाडी खाली उभी आहे, ताई. अप्पांना आता काही कळत नाही," धाकटा भाऊ हेरंब दारातून म्हणाला. वडिलांना घेऊन वृद्धाश्रमात अंधार पडायच्या आत पोचायचं होतं.

वैजयंतीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर अप्पांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. पण उभी हयात त्यांनी कॉलेजात व्याकरण शिकवताना फळ्यावर इंग्रजी वाक्यांची झाडं काढण्यात घालवली होती. वर मूळ, खाली फांद्या, प्रत्येक शब्द आपापल्या शब्दगटात, पदबंधात. तिने घाईघाईने कागदावर ‘द लिटल गर्ल क्लोज्ड द डोअर’चं झाड काढलं आणि ‘लिटल’ची फांदी मुद्दाम क्रियापदाला जोडली. असली चूक त्यांना कधी सहन झाली नव्हती.

"अप्पा, बघा ना," ती काकुळतीला आली.

अप्पांच्या कपाळावर आठी उमटली. डावा हात सरपटत पेन्सिलीपाशी गेला. त्यांनी चुकीची फांदी खोडली आणि ‘लिटल’ला ‘गर्ल’शेजारी नेऊन बसवलं. हेरंबने हातातली पिशवी खाली ठेवली. वैजयंतीला हुंदका आवरेना.

मग कागदाच्या रिकाम्या कोपऱ्यावर पेन्सिल आपटत अप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "नाव?"

बिननावाचा पेपर ते तपासत नसत. ते तिच्याकडे बघत होते, वर्गातल्या कुठल्याही मुलीकडे बघावं तसे.

तिने ‘वैजयंती’ हे हजेरीपटावरचं नाव लिहिलं नाही. अप्पा एकटेच तिला ज्या नावाने हाक मारायचे, ते ‘ठमी’ तिने लिहिलं आणि कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.