बारावा ठोका

आमच्या गावात फुटबॉलची टीम घड्याळ लावून निवडत नाहीत. संध्याकाळी चर्चची घंटा सुरू झाली की बॉल घेऊन या गोलपासून त्या गोलपर्यंत पळायचं. बारावा ठोका पडायच्या आत पोचला, तो टीममध्ये. इनास दहा वर्षं पोचला. यंदा ठोके संपले तेव्हा तो वीस पावलं मागे होता. गेल्या वर्षीपर्यंत त्याचे वडील दोरीने घंटा वाजवायचे. ते वारल्यावर चर्चने मोटर बसवली. “मोटर घाई करते, सर,” इनास म्हणाला. टीमचा कोच म्हणून मलाही तसंच वाटलं, म्हणून त्याच्यासमोरच गेल्या वर्षीचा व्हिडिओ लावला. अकरा ठोके अगदी मोटरच्याच वेगाने पडले. मग घंटा गप्प झाली. इनासने रेषा ओलांडली, तेव्हा कुठे बारावा पडला. त्याआधीच्या वर्षीच्या व्हिडिओतही तसंच, फक्त थांबणं थोडं कमी. इनासने वर मनोऱ्याकडे बघितलं आणि बुटांच्या नाड्या सोडायला बसला.