धाकटीची शिकवणी

रविवारी थोरली माहेरी पोहोचली तेव्हा बाबांच्या खोलीचं दार आजही बंद होतं. आतून धाकटीचा दबका आवाज येत होता, मग जरा शांतता, मग "शाब्बास." शब्द कुणी उच्चारला ते दाराबाहेर नीट कळलं नाही. पण त्या घरात शाब्बास म्हणणारा माणूस एकच होता.

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. लहानपणापासून हे असंच. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे आणि घरी आल्यावर अक्षरांच्या सोंगट्या मांडून दोघी मुलींना शब्द जुळवायला बसवायचे. धाकटीने शब्द लावला की "शाब्बास". थोरलीने लावला की "हं, बरोबर." चाळिशी उलटली, स्वतःचा संसार झाला, तरी तो "हं" काही तिच्या घशाखाली उतरला नव्हता.

शब्दजुळणीच्या राष्ट्रीय स्पर्धेची विभागीय फेरी तीन आठवड्यांवर आली होती. दोघींनी नाव दिलं होतं आणि इथून जाणार होती एकच व्यक्ती. त्यासाठी धाकटीने चक्क नोकरी सोडली होती. तसं ती कबूल करत नव्हती, "घरी जरा काम आहे" म्हणायची. थोरली मात्र दिवसभर टपाल कचेरीत शिक्के मारायची आणि डबा खाता खाता शब्द पाठ करायची. तिला कोण शिकवणार?

दार उघडलं. बाबा तिच्याकडे पाहून हसले, मान हलवली. पूर्वीही ते मोजकंच बोलत. आता तर "तयारी कशी चाललीय" असं तोंडदेखलंही नाही.

"बाबा फोन का उचलत नाहीत गं?"

"झोपलेले असतात."

"दिवसभर?"

"ताई, चहा टाकते," म्हणत धाकटी आत गेली.

बाबांच्या चष्म्याच्या डबीतून एक घडी केलेला कागद डोकावत होता. थोरलीने तो उघडला. धाकटीचं अक्षर. चमचा, खिडकी, कपाट, दिवा, साबण. काही शब्दांपुढे बरोबरची खूण. आणि सगळ्यांत खाली, तीन रेघा ओढून, थोरली. त्यापुढे खूण नव्हती.

दुसऱ्या कुणाला यात काही दिसलं नसतं. पण या खेळातली माणसं साधा शब्द साधेपणाने वाचतच नाहीत. सोंगटीवर नुसतं अक्षर असतं, काना-मात्रा ज्याने त्याने लावायची. म्हणून मुरलेले खेळाडू सोपा शब्द पाठ करतात आणि त्याच अक्षरांतून निघणारे बाकीचे त्याला टांगून ठेवतात. ही बाबांची किल्लीच, थोरलीने ओळखलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. कागद पर्समध्ये गेला.

आठवडाभर तिने तो कागद पिळून काढला. खिडकीतून खेकडा निघाला. कपाटातून कपट, दिव्यातून दावा आणि वाद. 'थोरली'तून मात्र लाथ निघाली, तीसुद्धा र शिल्लक ठेवून. आपल्यालाही यांनी यादीत घातलं, म्हणून ती आणखीच जळली.

पुढच्या रविवारी धाकटी बाबांची गादी उलटीपालटी करत होती.

"ताई, इथे एक कागद होता. पाहिलास?"

"कसला?"

"साधाच."

"मग लिही की दुसरा."

"लिहीन गं. पण तोच सवयीचा झाला होता."

थोरलीने पर्स मांडीवर घट्ट धरली. चोराच्या मनात चांदणं, पण तोंडावर तिने काही दिसू दिलं नाही.

फेरीच्या शेवटच्या डावात दोघी समोरासमोर आल्या. दोघींचे विजय सारखेच, त्यामुळे हा डाव जिंकेल ती राष्ट्रीयला. धाकटी पटापेक्षा भिंतीवरच्या घड्याळाकडेच जास्त बघत होती.

"घाई आहे का?" थोरलीने विचारलं.

"शेजारच्या काकू चारपर्यंतच थांबणार आहेत."

आतापासूनच हरण्याचं निमित्त शोधून ठेवतेय, थोरली मनात म्हणाली. तेवढ्यात तिच्या हाती ख, ड आणि क एकत्र आले. तिप्पट गुणांच्या घरावर तिने खेकडा बसवला आणि डाव संपला.

धाकटी पटाकडे बघत राहिली. "हा कुठून सुचला तुला?"

"सुचला."

"छान आहे," धाकटी म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं याचाच थोरलीला राग आला.

दोघी एकाच रिक्षाने घरी आल्या. काकू चप्पल घालून दारातच उभ्या होत्या. थोरली प्रमाणपत्र घेऊन तडक बाबांसमोर गेली.

"बाबा, मी जिंकले. राष्ट्रीयला मी चाललेय."

बाबा हसले. मान हलवली.

"एवढंच?" थोरलीचा आवाज फाटला. "तिला दार लावून शिकवता, शाब्बास म्हणता. मला आजही एक शब्द नाही?"

धाकटीने तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं. "ताई, तुझं लक्ष उडू नये म्हणून गप्प होते. झाली आता फेरी."

तिने टेबलावरचा चमचा उचलून बाबांपुढे धरला. बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"च… चमचा."

"शाब्बास," धाकटी म्हणाली. मग तिने खिडकीकडे बोट केलं.

या वेळी जास्त वेळ लागला. "खिडकी."

"शाब्बास, बाबा." तिने थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि ही कोण?"

बाबांनी थोरलीकडे निरखून पाहिलं. ओठ दोनदा हलले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"खिडकी," ते म्हणाले, आणि शाबासकीसाठी धाकटीकडे पाहू लागले.