इंजिन खाली घेताना

“घे खाली,” व्हर्ना म्हणाली, आणि ड्वेननं क्रेनचा व्हॉल्व्ह जरासा सैल केला.

साखळीला टांगलेलं आठ सिलिंडरचं इंजिन जुन्या पिकअपच्या पोटात वीतभर उतरलं. ट्रक एकावन्न सालचा, व्हर्नाच्या सासऱ्यांनी घेतलेला. त्याचं मूळचं सहा सिलिंडरचं इंजिन भिंतीशी काढून ठेवलं होतं. मागे गुरांचा ट्रेलर लावला की नदीवरच्या चढाला त्याला धाप लागायची. हे मोठं इंजिन व्हर्नाच्या नवऱ्यानं, लॉइडनं, भंगारातल्या एका गाडीतून मार्चमध्ये काढून आणलं. ते बसवायच्या आधीच त्याला अर्धांगाचा झटका आला.

लॉइड आता गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसला होता. उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा. मार्चपासून तो एक शब्दही बोलला नव्हता. ऐकायचा सगळं, कळायचंही सगळं. पण बोलायला गेला की घशातून नुसता आवाज निघायचा. अलीकडे तर त्यानं प्रयत्नच सोडला होता. दाराबाहेर मक्याची कापणी चालली होती, तिकडे बघत बसायचा.

“वहिनी, खरं सांग,” ड्वेन म्हणाला. तो लॉइडचा धाकटा भाऊ. “हा ट्रक चालवणार कोण?”

“मी.”

“तुला साधी गाडी मागे घेता येत नाही. परवा माझी पत्रपेटी आडवी केलीस.”

“रस्त्यातच होती ती.”

“तुझ्या लग्नाआधीपासून तिथंच आहे!”

“मग म्हातारी झाली असेल. खाली घे अजून.”

ड्वेन हसत क्रेनच्या पायाशी वाकला. तिथून त्याला बंपरखेरीज काही दिसत नव्हतं. तेवढ्यात इंजिन ज्यावर टेकतं त्या माउंटिंगवर ठेवलेला एक बोल्ट घरंगळून खाली चासीवर पडला. एका बोल्टासाठी ड्वेनला काय सांगत बसायचं? व्हर्नानं इंजिनाखाली कोपरापर्यंत हात घातला आणि चाचपू लागली.

ड्वेननं व्हॉल्व्ह फिरवला.

“हात!”

आवाज कुणाचा, हे कळायच्या आत ड्वेननं व्हॉल्व्ह आवळला होता. साखळी कचकन वाजली. इंजिन हिंदकळून थांबलं.

“हात काढ, बये!”

व्हर्नानं हात ओढून घेतला. माउंटिंग आणि चासी यांच्यामध्ये आता बोटभर फट उरली होती. तिनं मूठ मिटली, उघडली. मनगटावर ग्रीसचा पट्टा उमटला होता. कातडीला ओरखडासुद्धा नव्हता. मग ती सावकाश मागे वळली.

लॉइड खुर्चीतून अर्धा उठला होता. डाव्या हातानं त्यानं दाराची चौकट घट्ट धरली होती, आणि आपल्या मागून दुसरंच कुणीतरी ओरडल्यासारखा तो गोंधळून बघत होता.

ड्वेन हत्यारांच्या पेटीवर मटकन बसला. “मला वाटलं, बाबाच ओरडले,” तो म्हणाला. मग त्याला हसू आवरेना. “दवाखान्यातली बोलायला शिकवणारी ती बाई कपाची चित्रं दाखवून दमली, मांजराची दाखवून दमली. आणि हा बोलला काय, तर बये!”

व्हर्ना हसली नाही. तिनं लॉइडला धरून खाली बसवलं, त्याच्यापुढे गुडघे टेकले आणि तेलकट हातांनी त्याचे गाल धरले.

“परत म्हण. काहीही म्हण. शिवी दे मला.”

लॉइडचे ओठ हलले. मानेची शीर ताठ झाली. घशातून तोच ओळखीचा, आकार नसलेला आवाज आला आणि विरला. त्याचे डोळे भरून आले. व्हर्नानं त्याचे गाल सोडले नाहीत. तेवढंच होतं की काय? आलं आणि गेलं?

लॉइडनं तोंड फिरवलं. त्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली, टांगलेल्या इंजिनावर. तिथंच राहिली.

“वाकडं,” तो म्हणाला.

“काय?”

“वाकडं... आहे.”

ड्वेन उठला. बॉनेट काढलेल्या जागेतून त्यानं वाकून पाहिलं, एक डोळा मिटून पुन्हा पाहिलं. “आहे खरं,” तो म्हणाला. “डावीकडं झुकलंय.”

आता मात्र व्हर्नाला हसू फुटलं. हसता हसता ती रडायला लागली, आणि डोळे पुसायला गेली तर तोंडभर काळं झालं. ती तशीच फरशीवर बसून राहिली, लॉइडच्या बुटाला धरून.

“घरातली शेगडी बंद करून येऊ का?” ड्वेननं विचारलं. “राजम्याची चिली करपतेय बहुतेक.”

“करपू दे,” व्हर्ना म्हणाली.

मग दोघांनी मिळून लॉइडची खुर्ची उचलली आणि ट्रकच्या अगदी जवळ, चाकाशी नेऊन ठेवली. ड्वेननं साखळीची एक कडी कमी करून इंजिन सरळ केलं. व्हर्नानं दोन्ही हात डोक्यावर धरले. लॉइडनं आधी तिच्या हातांकडं पाहिलं, मग इंजिनाकडं.

“खाली?” ड्वेननं विचारलं.

लॉइडनं श्वास घेतला. “खाली.”

“अजून?”

“अ... अजून.”

“आता?”

“हळू.”

मोठं इंजिन आपल्या जागेवर टेकलं. साखळी ढिली पडली, क्रेनचा दांडा हलका झाला. ड्वेनला हाताला ते कळलं. तरी तो उठला नाही. व्हॉल्व्ह तसाच धरून त्यानं भावाकडं पाहिलं.

“अजून?” त्यानं विचारलं.