वीस पावलं

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक.

गांदोल्फोकाकाचा डावा खुबा संधिवाताने पार झिजलेला. डॉक्टर म्हणाले, खुबा बदलू. काका म्हणाला, "संताची पालखी होऊ दे, मग खुशाल बदला. तोवर मिम्मा बघेल."

मिम्मा म्हणजे आमच्या सिसिलीतल्या त्या गावातली एकुलती एक फिजिओथेरपिस्ट.

पालखीला चाळीस गडी लागतात. डाव्या दांडीखालची तिसरी जागा काकाची. त्याच्या मामाने त्याला चालत्या पालखीखाली हात धरून ओढलं आणि आपली जागा दिली, तेव्हापासून. पालखी उठताना माणूस हजर नसला, की जागा यादीतल्या पुढच्याची. आणि पुढचा कोण, तर बेकरीवाला मेलो! काकाचं आणि त्याचं तर बोलणंसुद्धा नाही.

"किती चालायचंय?" मिम्माने विचारलं.

"वीस पावलं."

"पालखी चार तास फिरते, काका!"

"तू वीसचं बघ, पोरी."

मग सहा महिने, आठवड्यातून तीनदा. कुशीवर पडून पाय उचल, भिंतीला पाठ टेकून अर्धं बस, पायरी चढ, पायरी उतर. काका महाचिवट. वर त्याची अट, "तूही माझ्यासोबत कर. एकटा असलो की मी अंग चोरतो."

ती करायची. पुढे खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन.

"मी पाच किलो, तर तू वीस! तरुण आहेस ना? की नुसती दिसतेस?"

मिम्मा कसली हरतेय! तिच्या खांद्याला घट्टा पडला.

मध्येच तो तिला आरशासमोर शेजारी उभं करायचा.

"काय बघताय?"

"माझा खांदा उतरलाय का ते."

आरशात तर दोघांचे खांदे अगदी एका उंचीवर दिसायचे.

तिला एकच धास्ती. वजनाखाली खुबा अडकला तर? "मी बाजूनेच चालणार हं. पडलात तर धरायला."

"चाल की," काका म्हणाला. "बूट तेवढे चांगले घाल."

पालखीचा दिवस. घंटा झाली, पालखी उठली. गळ्यात लाल रुमाल, काका ताठ. मिम्मा श्वास रोखून मोजतेय. सतरा. अठरा. एकोणीस.

विसाव्या पावलाला काकाने दांडीखालून मान काढली, रुमाल तिच्या गळ्यात अडकवला आणि हात धरून तिला आत ओढलं.

दांडी तिच्या घट्ट्यावर अचूक बसली. मागून मेलो किंचाळला, "अरे, बाई आहे ती! बाहेर काढा!"

सांग ना, तू काढला असतास खांदा?