बिननावाच्या चिठ्ठ्या

विज्ञानाच्या बाईंनी चौथी चिठ्ठी उघडली. चिठ्ठी हातभर लांब धरून त्यांनी ती वाचून दाखवली. 'त्याच माणसाला दर तासाला लघवीला जावं लागत असेल तर?'

एरवी या शब्दावर आठवीच्या वर्गात हशा पिकला असता. आज कोणी खुदकन हसलंही नाही.

शंकापेटी ही बाईंचीच कल्पना. बुटांच्या खोक्याला वरून चीर पाडली, झाली पेटी तयार. नियम एकच: विचारणाऱ्याने आपलं नाव लिहायचं नाही आणि ज्याच्याबद्दल विचारायचं त्याचंही नाही. नावं आली की मुलं लाजतात, असं बाईंचं म्हणणं. आता तोच नियम त्यांना नडत होता. सोमवारी चिठ्ठी आली, 'एका माणसाला सारखी तहान का लागते?' बाईंनी ती उन्हाळ्यावर ढकलली. मंगळवारी, 'त्याच माणसाची जखम तीन आठवडे का भरत नाही?' बुधवारी, 'त्याला अक्षरं धूसर का दिसतात?' हस्ताक्षर दर वेळी निराळं, माणूस मात्र तोच.

बाईंचा जीव टांगणीला लागला होता. त्यांच्या आईनेही अशीच एक बारीकशी जखम अंगावर काढली होती. आधी बोट गेलं, मग पाय, मग आई. काल तर त्यांनी नुसत्या संशयावरून एका मुलाच्या वडिलांना शाळेत बोलावून घेतलं. ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावत आले. माणूस चांगला धडधाकट. वर बाईंनाच म्हणाले, "तुम्हीच जरा दमलेल्या दिसताय."

नवी चप्पल चावल्यापासून बाई थोड्या लंगडत होत्या. तशाच त्या फळ्याकडे गेल्या.

"नीट ऐका. साखर रक्तात साचते, पण पेशींच्या आत जात नाही. मग मूत्रपिंडं ती पाण्याबरोबर बाहेर टाकतात. म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान जास्त. जखमाही लवकर भरत नाहीत. रक्ताची साधी तपासणी केली तरी कळतं. वेळेवर कळलं तर माणूस वाचतो." त्यांच्या घशाला कोरड पडली. टेबलावरची बाटली त्यांनी एका दमात संपवली.

"आणि नियम गेला खड्ड्यात! हा माणूस ज्याच्या घरचा आहे, त्याने उभं राहा. मी रागावणार नाही. उद्याच्या उद्या मी स्वतः त्याला दवाखान्यात नेते. शब्द देते."

मग पहिल्या बाकावरची वर्गप्रमुख उभी राहिली. मग तिच्या मागची. बघता बघता सगळा वर्ग उभा राहिला.

"थट्टा वाटते तुम्हाला?" बाईंनी खडू टेबलावर आपटला. "कोणाचा तरी जीव जाईल रे!"

वर्गप्रमुख टेबलापाशी आली. रिकामी बाटली तिने न सांगता उचलली, आज तिसऱ्यांदा भरून आणायला. तिची नजर मात्र बाईंच्या पायाच्या अंगठ्यावर बांधलेल्या पट्टीवर होती.

"शब्द दिलाय तुम्ही, बाई," ती म्हणाली. "उद्या किती वाजता जाताय?"