हलगीला शेक

हलगीवाल्यांना घेऊन निघालेल्या नव्या ट्रकने घाटाच्या निम्म्यावर मान टाकली. पिवळा दिवा लागला आणि गाडी गोगलगाय झाली.

"सायलेन्सरच्या जाळीत काजळी तुंबलीय, दौलूतात्या," ड्रायव्हर इलाहीभाई म्हणाला. "ती जाळल्याबिगर ही बया वर चढायची नाही."

ताफ्याचे म्होरके असलेल्या तात्यांचं तोंड उतरलं. वर जत्रेत हलग्यांची स्पर्धा, आणि बुरबुर पावसाने त्यांच्या हलग्या सादळलेल्या पापडासारख्या झालेल्या. चामडं शेकल्याशिवाय हलगी बोलत नाही; सुकं लाकूड तर घाटात औषधालाही नव्हतं.

शेजारून शिंगणवाडीचा ताफा उघड्या टेम्पोतून काळा धूर सोडत गेला. "तात्या, तुम्ही आता टाळ्याच वाजवा!"

इलाहीभाईने काजळी जाळायचं बटण दाबलं. उभ्या ट्रकने आपोआप रेस घेतली. "मागं थांबू नका, आत भट्टी पेटलीय. नळीतनं नुसती आग येती!"

तात्यांनी कान टवकारले. "आणि धूर?"

"नावाला नाही."

"मग बघता काय? हलग्या काढा!" नळीपासून हातभर लांब फिरवत त्यांनी एकेक हलगी अशी शेकली, की टिचकी मारली तरी ठणकावी.

काजळी जळाली तसा ट्रकही घाट चढला. जत्रेत शेकायला आणलेली ओली लाकडं पेटलीच नाहीत. शिंगणवाडीच्या हलग्या भदभद करत राहिल्या. मग तात्यांनी पहिली टिपरी हाणली. मांडवावर साचलेलं पाणी कारंज्यासारखं उडालं, नारळवाल्याचे नारळ जागच्या जागी फुटले!

पंच निकाल सांगायला उठले, पण सगळ्यांच्या कानांत हलगीच घुमत होती. एक अक्षर कुणाला ऐकू येईना. शेवटी त्यांनी मानाचा फेटा उचलला आणि गर्दीतून वाट काढत थेट तात्यांपुढे येऊन उभे राहिले.